पाण्यातलं कातडं

१२ फेब्रु. १९७३
मिरजगावपुढच्या वाडीतला हातपंप पुन्हा बंद. परदेशी देणगीतला, आमच्याच कार्यशाळेने बसवलेला. उघडला. आतली चामड्याची वाटी (सगळे वायसर म्हणतात) झिजून कागद झालेली. एकतीस दिवस टिकली. परदेशात हा पंप एका घरासाठी बनतो. इथे उजाडल्यापासून दांडा थांबत नाही. दुसरं पाणी दोन मैलांवर.
रांग लावणाऱ्या कौसाबाई: "तुमीच विंजनेर व्हय? मला वाटलं सायेब मागनं येतोय."

१५ फेब्रु.
कार्यशाळेच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, वाट्या बोटीने येतात, पत्र गेलंय. तोवर "तात्पुरता बंद" लिहा. इथलं काही आत घालायचं नाही, देणारे बिथरतील. पुढच्या महिन्यात त्यांचे पाहुणे येणार.
मी गप्प. माझं गप्प बसणं ते होकार धरतात. त्याला मी काय करू?

१८ फेब्रु., रवि.
एस.टी.ने वाडीत. कौसाबाईंनी सखारामतात्यांकडे नेलं. त्यांनी जन्मभर चामड्याच्या मोटा शिवल्या. विहिरी आटल्या, गुरं मेली, वर्षभर हात रिकामे. झिजलेली वाटी हुंगली, दातांनी दाबली.
"हे बुटाचं कातडं, बाई. पान्यातलं न्हाई."
माप मी मिलिमीटरमध्ये दिलं. त्यांनी बोटाने घेतलं. मी म्हटलं, कमी भरेल.
"पानी पिऊन फुगंल की. तुमचं माप कोरड्याचं हाय."
दोन्ही मापांच्या करायला सांगितल्या.

२४ फेब्रु.
माझ्या मापाची भिजल्यावर नळीत अडकली. काढताना अर्धा तास. तात्यांची सरकली. सतराव्या दांड्याला पाणी.
एक म्हातारे कुरकुरले, पिन्याच्या पान्यात कातडं?
कौसाबाई: "आन् इतकी वर्सं मोटंचं पेला, ती काय पितळंची हुती, मामा?"
मामांनी तांब्या पुढे केला. तात्या माझ्याकडे बघून हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

१२ मार्च
पाहुणे आले. साहेब म्हणाले, तुमचा पंप उत्तम चालतो. पाहुण्यांनी मला विचारलं, वाटी कोणती?
इथली, म्हटलं. साहेबांनी चष्मा पुसला.
पाहुण्यांना तात्यांना भेटायचं होतं. यंत्र देऊ का, विचारलं. तात्या: "यंत्र कशाला? कातडं यंदा लई हाय." पहिलं वाक्य इंग्रजीत सांगितलं. दुसरं नाही.
परतताना जीपमध्ये साहेब नगरपर्यंत फाइल चाळत होते. मला बरं वाटत होतं.

२७ मार्च
एकतिसावा दिवस. चालू. बोटीचा खोका आला.
साहेब: "पंप उघडून तुमची ती वाटी पाहिलीत?"
"चालतंय ते कशाला उघडायचं?" वाक्य कौसाबाईंचं, त्यांचं नाव सांगितलं नाही. साहेबांनी खोका फोडला नाही, परतही पाठवला नाही. तसाच भिंतीशी आहे.
बाकीच्या पंपांसाठी तात्यांना सहा वाट्या सांगून ठेवल्यात. साहेबांना अजून बोलले नाही.
उद्या बत्तिसावा.