ओठ दिसले की पुरे

४ फेब्रुवारी

चि. बडबडीस अ. उ. आ.

कॉम्प्युटर एकदाचा आला. जुनाच, पण दुकानदाराने आतून दुरुस्त करून दिलाय, दिसायला अगदी नवा. शेजारच्या बाईंनी जोडून दिला. काल तू पडद्यावर आलीस आणि कान गेल्यापासून पहिल्यांदा मी तुझं बोलणं ओठांवरून वाचलं गं! फोन माझ्यासाठी नुसता ठोकळाच. सातवा महिना लागला, उभी राहून दाखवते म्हणालीस, खुर्ची सरकवलीस आणि मेला तेवढ्यात बंद! परत लावला, परत तेच. तुला प्रवासाची मनाई, आणि कानांशिवाय एवढ्या लांब एकटीने यायचं मला धाडस नाही. एकदा डोळे भरून पाहू दे तुला, मग तो भंगारात गेला तरी चालेल.

तुझी आई

१२ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

तू गेलीस तरी मी वेडी काळ्या पडद्याशी बोलतच होते. तुझे जावई म्हणतात, मागची वायर घट्ट बसव, दुसऱ्या बोर्डात लावून बघ. तरी नाही जमलं तर वायर काढून झाकण उघड, मेमरीची पट्टी खोडरबराने पुसून परत बसव. आणि आतला पंखा घरघरतो का ते... अगं बाई, हे मी कुणाला विचारतेय! हात लावून बघ.

सासूबाई फार जपतात. पण त्यांच्यासमोर रडता येत नाही गं.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझी बडबडी

२० फेब्रुवारी

चि. बडबडीस अ. उ. आ.

जन्मभर शिलाई मशीन खोललेल्या बाईला पट्टी पुसणं काय अवघड? सगळं केलं, तरी पहिले पाढे पंचावन्न. काल तू 'डॉक्टर' म्हणालीस आणि बंद! काय म्हणाले डॉक्टर? माझा जीव टांगणीला लागलाय. हात लावला तर डबा इस्त्रीसारखा तापलेला, थरथरत होता. मी तर त्याला जिवापाड जपते. तुझ्या निळ्या फ्रॉकचा अंगाबरोबर झगा शिवलाय त्याला, अस्तर लावून. चालू असतानाही काढत नाही. धुळीची काय बिशाद आत शिरायची!

तुझी आई

२७ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

अगं माझे आई! त्या झग्यातच गुदमरतोय तो. वारा आत-बाहेर जायच्या वाटाच तू शिवून टाकल्यास. फार तापला की जळू नये म्हणून आपोआप बंद पडतो. आम्ही पोट धरून हसलो. मग मला रडूच आलं. पंखा केवढा ओरडत असेल, आणि तुला कळलं नाही. आधी तो झगा काढ. डॉक्टर म्हणाले, सगळं छान आहे.

तुझी बडबडी

९ मार्च

चि. बडबडीस अ. उ. आ.

झगा काढला, आणि काय सांगू! तासभर चालला. तू उभी राहिलीस, वळून दाखवलंस, आणि मी डोळ्यांनीच माप घेतलं. लगेच कापड बेतलं. सोबत पाठवतेय तो गाऊन घाल. शाल पांघरून होतीस, म्हणून दंड तेवढे तुझ्या लग्नातल्या मापाचे धरलेत. पोटाशी मात्र दोन बोटं सैल ठेवलंय. तू दिसलीस, भरून पावले. तरी पडदा बंद झाल्यावर घर खायला उठलं बघ.

तुझी आई

१७ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

गाऊन मिळाला. पोटावर बरोब्बर बसला. दंडात मात्र पार ढगळ. हे म्हणाले, आईंचं माप पहिल्यांदाच चुकलं. तुझं माप नाही चुकलं. मी वाळलेय, आई. अन्न पोटात ठरत नाही. डॉक्टर रागावले होते. तू तिकडे एकटी झुरशील म्हणून छान लिहिलं, आणि शालही थंडीसाठी नव्हती. पडद्यावर तू दिसतेस, पण माझं भागत नाही. मला तू इथे हवी आहेस.

हे रविवारी तुला घ्यायला येताहेत. नाही म्हणू नकोस. गाऊनच्या दोन्ही बाह्या मी उसवून ठेवल्यात. मला शिवता येत नाही, तुला ठाऊक आहे. तू येऊन शीव.

तुझी बडबडी