‘वलं बूट’ इंग्रजीत जातंय

१ जानेवारी २०२३, सकाळी

संकल्प. रोज एक पान. वर्षाअखेर ‘वलं बूट’ इंग्रजीत पूर्ण. मग दिल्ली, मग लंडन.

सुभेदार ज्ञानू आष्ट्याजवळचा. फौजेतून रिटायर होऊन ऊस लावतो. आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, एकाहत्तरच्या लढाईवर, सगळं आपल्या वाळव्याकडच्या बोलीत. दिवाळीत आष्ट्याला त्याचं प्रकाशन झालं, मी प्रमुख पाहुणा होतो. भाषणाच्या भरात जाहीर केलं की हे पुस्तक मी जगापुढे नेणार. ज्ञानूनं व्यासपीठावर उभं राहून मला सॅल्यूट ठोकला. इतकी वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, असा मान कोणी दिला नव्हता.

उद्यापासून सुरुवात. आज रविवार.

९ जानेवारी

पहिलं वाक्य: ‘मरायला निगालेल्या मानसाला जेवन लय ग्वाड लागतं.’

ग्वाड. स्वीट म्हटलं तर जेवणात साखर पडली असं वाटतं. डिलिशस म्हटलं तर हॉटेलची जाहिरात. टेस्टी तर शक्यच नाही. सकाळभर विचार केला. हेच खरं काम. सामान्य अनुवादक इथे काहीतरी लिहून पुढे गेला असता.

२ फेब्रुवारी

खुर्ची बदलली, कंबर धरत होती. मोठा शब्दकोश मागवला. नावाचाही प्रश्न आहे. ‘वेट बूट्स’ म्हणजे चपलांचं दुकान. मी सुचवलं, ‘द सोल ऑफ अ सोल्जर’. सोल म्हणजे आत्मा आणि तळवाही. मुलाला, मुकुलला, पुण्याला फोन करून ऐकवलं. तो मीटिंगमध्ये होता. छान म्हणाला.

बायकोचं, अनसूयेचं म्हणणं, नावाचं नंतर बघता येईल. तिला प्रोसेस समजत नाही.

१९ मार्च

ज्ञानूच्या वस्तीवर जाऊन आलो. त्याच्या बायकोनं, शालूबाईंनी पिठलं-भाकरी केली होती. कुठवर आलं, असं ज्ञानूनं विचारलं. पायाभरणी चालू आहे, असं सांगितलं. त्याला पटलं.

मग त्यानं चंगप्पाचा विषय काढला. पुस्तकात चंगप्पावर एक प्रकरण आहे. पलटणीतला त्याचा जोडीदार, कर्नाटकातल्या कोडगूचा. पाणथळ शेतात गोळी लागली, ज्ञानूजवळच गेला. त्याची थोरली बहीण नीलम्मा अजून आहे, मडिकेरीच्या बाजूला. भाऊ शेवटी कसा गेला हे तिला ऐकायचंय. तिला मराठी येत नाही, हिंदी येत नाही. कन्नड वाचते. तिचा मुलगा पोन्नप्पा महिन्या-दोन महिन्यांनी हिंदीतून फोन करतो आणि पुस्तक कधी वाचायला मिळेल, विचारतो.

मी म्हटलं, मग फोनवरच सांगून टाकायचं. ज्ञानू म्हणाला, फोनवर सांगण्याजोगं असतं तर लिहिलं कशाला असतं.

मी त्याला समजावलं. एकदा इंग्रजी झालं की सगळ्या जगाचं दार उघडतं. पोन्नप्पा इंग्रजीतून वाचून आईला सांगेल. ज्ञानूनं मान डोलावली. मी हेही बजावलं की दुसऱ्या कोणत्याही भाषेला हो म्हणायचं नाही. परदेशी प्रकाशकांना हक्क असे विखुरलेले आवडत नाहीत. त्यानं शब्द दिला. फौजी माणूस, शब्द म्हणजे शब्द.

१४ मे

उन्हाळा असह्य. तरीही कामात खंड नाही. अनुवादकाचं मनोगत लिहायला घेतलं आहे. मूळ मजकुराआधी आपली भूमिका स्पष्ट हवी. दोन संस्कृतींमध्ये मी कसा उभा आहे, वगैरे. चंगप्पाचं प्रकरण हे पुस्तकाचं हृदय आहे, असं एक वाक्य जमून आलंय.

३० मे

मनोगत पूर्ण. अनसूयेनं विचारलं, पुस्तकाचं किती झालं. मी म्हटलं, मनोगत हा पुस्तकाचाच भाग असतो.

८ जुलै

सकाळी एका बाईंचा फोन. शिवगंगा बिरादार. जत तालुक्यात संख गावाकडे कन्नड शाळेत शिकवतात. मराठीही चांगलं. ‘वलं बूट’ वाचलं, कन्नडमध्ये करायची इच्छा आहे, सुट्टीत करीन म्हणतात. सुभेदारांकडे गेल्या होत्या. त्यानं सांगितलं, सरांना शब्द दिलाय, सरांना इचारा.

मी अत्यंत सौजन्यानं बोललो. आधी इंग्रजी होऊ द्या, मग तुम्ही इंग्रजीवरून कन्नड करा, अर्थ पक्का होतो. त्या म्हणाल्या, सर, आमच्या गावातून सुभेदारांच्या गावाला एसटीनं जाता येतं, इंग्लंडवरून कशाला जायचं.

बोलण्यात थोडा उद्धटपणा वाटला. दुर्लक्ष केलं.

२२ ऑक्टोबर

साताऱ्याला परिसंवाद. विषय: अनुवाद, संस्कृतींमधला पूल. पाहुणे म्हणून माझी ओळख ‘वलं बूटचे इंग्रजी अनुवादक’ अशीच करून दिली. मी पहिल्या वाक्याचे तीन पर्याय वाचून दाखवले. श्रोते गंभीर झाले होते. भाषा मेली तरी अनुवादात जगते, हे वाक्य दोनदा म्हटलं, दोन्ही वेळा टाळ्या.

वल्लरी नावाची तरुण प्राध्यापिका चहाच्या वेळी भेटली. एखादं प्रकरण वाचायला मिळेल का म्हणाली. दिल्लीचं एक मासिक तिच्या ओळखीचं आहे, लगेच छापतील. मी सांगितलं, अपुरं काम मी दाखवत नाही. चंगप्पाचं तरी द्या म्हणाली, तिनं ते मराठीतून वाचलंय, रडू आलं म्हणे. मी म्हटलं, भावनेच्या भरात अनुवाद होत नाही.

परतताना कऱ्हाडला ज्ञानूचा मिस्ड कॉल दिसला. दमलो होतो. उद्या करू.

२३ ऑक्टोबर

फोन केला. शालूबाईंनी उचलला. ज्ञानूला मिरजेला दवाखान्यात नेलंय. छातीत काहीतरी. खोकला उन्हाळ्यापासून होता म्हणे. भेटायला जायला हवं. या आठवड्यात साताऱ्याच्या भाषणाचा लेख करून द्यायचाय, तो पूर्ण झाला की लगेच.

१ जानेवारी २०२४

संकल्प. रोज दोन पानं. गेल्या वर्षी रोज एक ठरवलं होतं, ते फार थोडं ठेवल्यामुळे गांभीर्य आलं नाही.

६ फेब्रुवारी

ज्ञानू घरी आलाय, मग परत दवाखान्यात, मग परत घरी. फोनवर आवाज ओळखू येत नाही. फुफ्फुसाचंच निघालं. डॉक्टरांनी घरच्यांना सांगायचं ते सांगितलंय.

कामाला एक वेगळंच वजन आलं आहे. लेखकाच्या हयातीत पुस्तक यावं असं मलाही वाटतं. पण घाईत दर्जा गेला तर त्याच्यावरच अन्याय.

२० मार्च

मिरजेला जाऊन आलो. ज्ञानू ओळखू येईना. नाकात नळी, हात काडीसारखे. शालूबाई उशाशी बसलेल्या. मी त्याला मनोगतातला उतारा वाचून दाखवला, मराठीत सांगत सांगत. त्यानं ऐकून घेतलं. मग माझा हात धरला. बोलताना दम लागत होता.

म्हणाला, “सर, इंग्रजी ऱ्हाऊ द्या. चंगप्पाचं तेवढं कुनाकडनं तरी कानडीत करून धाडा. म्हातारी हाय तवर.”

मी समजावलं की पुस्तक मधूनच उघडून अनुवाद करता येत नाही. रचना असते. त्यानं डोळे मिटले. पटलं असावं.

शालूबाई मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. तिथे पदर तोंडाला लावून हळूच म्हणाल्या, “आवं सर, म्हातारी गेली. मागल्या आटवड्यात पोन्नप्पाचा फोन आल्ता. मालकांना कळू देऊ नगा.”

वाईट वाटलं. बसमध्ये विचार करत होतो. एका अर्थी, आता घाई उरली नाही. काम नीट, हवा तेवढा वेळ घेऊन करता येईल.

४ एप्रिल

ज्ञानू गेला. पहाटे. शेवटपर्यंत नीलम्माचं विचारत होता म्हणे.

१३ एप्रिल

दहाव्याला गेलो होतो. ओढ्याकाठी गाव जमलं होतं. पलटणीतले चार-पाच म्हातारे टोप्या घालून आले होते. मी दोन शब्द बोललो. पहिल्या स्मृतिदिनी इंग्रजी आवृत्ती याच गावात प्रकाशित होईल, असं जाहीर केलं. या वेळी टाळ्या नाहीत, प्रसंगच तसा.

बिरादारबाई आल्या होत्या. जतहून, दोन गाड्या बदलून. शालूबाईंशी बाजूला बोलत होत्या. मी जवळ गेलो आणि हक्कांची आठवण करून दिली, ज्ञानूच्या शब्दाचीही. शालूबाई माझ्याकडे वळल्या.

“शब्द मालकांनी दिल्ता,” त्या म्हणाल्या. “मी न्हाई दिल्याला.”

आणि बाईंना म्हणाल्या, करा तुमी कानडी.

दुःखात माणूस काहीही बोलतो. मनावर घेतलं नाही.

२ सप्टेंबर

कन्नडचं पूर्ण झालं म्हणे. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि पुढच्या रविवारांत. विजयपूरचा प्रकाशक आहे. इतक्या वेगानं झालेलं काम कसं असेल, याची कल्पना येते. ग्वाडचं काय केलं, ते विचारायला फोन केला. म्हणाल्या, ‘रुची’ केलं, आमच्याकडे चालतं.

बस्स. इतकंच.

१ जानेवारी २०२५

संकल्प केला नाही. संकल्पांमुळे मनावर ताण येतो, एका लेखात वाचलं. सहज, रोज, जेवढं होईल तेवढं.

५ एप्रिल २०२५

काल पहिला स्मृतिदिन. गेलो होतो. इंग्रजीचं कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेवलं होतं: आंतरराष्ट्रीय पातळीवर बोलणी सुरू आहेत. कोणी विचारलं नाही.

ज्ञानूच्या घरापुढे छोटा मांडव. बिरादारबाईंनी कन्नड पुस्तक फोटोसमोर ठेवलं. आणि कोडगूहून पोन्नप्पा आला होता. साठीचा, उंच, पांढऱ्या मिशांचा. दोन दिवसांचा प्रवास करून. आईचा फोटो बरोबर आणला होता, तो त्यानं ज्ञानूच्या फोटोशेजारी टेकवला.

मग बाईंनी त्याला चंगप्पाच्या प्रकरणातलं एक पान काढून दिलं. तिथे चार ओळी अशा आहेत म्हणे, ज्यांचा अर्थ ज्ञानूलाही माहीत नव्हता. चंगप्पा लगेच गेला नव्हता. उजाडेपर्यंत होता, आणि आपल्या घरच्या बोलीत बडबडत होता. ज्ञानूला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. त्यानं नुसते आवाज लक्षात ठेवले आणि पन्नास वर्षांनी जसेच्या तसे पुस्तकात उतरवले. बाईंनाही अर्थ लागला नव्हता, ती बोली कन्नडपेक्षा वेगळी. त्यांनीही फक्त लिपी बदलली, आवाज तेच ठेवले. आणि छापण्याआधी कोणाला विचारलं नाही, घरच्यांनीच पहिल्यांदा वाचावं म्हणून.

पोन्नप्पा मोठ्यानं वाचायला लागला. दुसऱ्या ओळीला थांबला. चष्मा काढला. परत पहिल्यापासून वाचलं. मग हिंदीत बाईंना काहीतरी म्हणाला आणि बाईंनी ते शालूबाईंना मराठीत सांगितलं.

“अक्का, दार लावू नको. मी मागून येतोय.”



शालूबाई म्हणाल्या, “मालक दाढी करताना रोज म्हनायचे त्ये हे. ह्येच. मला वाटायचं कसला मंत्र हाय.”

ते बाईंनी हिंदीत केलं आणि पोन्नप्पा खाली बसला. शालूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतर त्या दोघांच्यात जे बोलणं झालं ते सगळं बाईंच्या तोंडून, इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. बाईंचा आवाज बसला होता तरी थांबल्या नाहीत. मी पहिल्या रांगेत होतो. चांगली खुर्ची दिली होती.

निघताना पोन्नप्पाला माझी ओळख करून दिली. त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला. त्याच्या मुली बेंगळुरूला असतात, त्यांना धड कन्नड वाचता येत नाही, घरची बोलीही येत नाही. आजीच्या भावाबद्दल त्यांना फक्त इंग्रजीतच वाचता येईल. विचारत होता, ते एक प्रकरण तरी मिळेल का. काम चालू आहे, असं मी हिंदीत सांगितलं. त्यानं फार आभार मानले.

६ एप्रिल

रविवार असूनही सकाळीच बसलो. मनोगत नको, नाव नको, थेट चंगप्पाचं प्रकरण. पुस्तक उघडलं.

त्या प्रकरणाची पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली निघाली. छापखान्यात कापायची राहून गेलीत. निष्काळजीपणा, दुसरं काय. आतलं काही दिसत नव्हतं. फटीतून डोकावून पाहिलं, अर्ध्या ओळी दिसल्या.

अनसूयेकडे सुरी मागितली. तिनं कशाला ते विचारलं. सांगितलं. ती त्या जोडलेल्या पानांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग म्हणाली, गवारी निवडून चिरायची आहे, ती होऊ दे.

थांबलो.