बागेतलं गाणं आणि तुमची दाद

बाबा, नमस्कार. हे पत्र तुम्ही एकट्यानंच वाचा, आईला वाचून दाखवू नका.

मी मजेत आहे, दोन्ही वेळा नीट जेवते. इथे बागेत उन्हाळाभर दर शुक्रवारी संध्याकाळी फुकट गाणं असतं, सोल आणि ब्लूज या अमेरिकी ढंगांचं. गाणी सगळी दुःखाची, पण दिवसभर इस्त्रीला उभे राहून वैतागलेले माझे पायसुद्धा ठेका धरतात. हे कसं होतं, सांगा बरं!

बाई गात असताना लोक मधेच ओरडतात, "हो गं बाई!", "सांग, सांग!" मी आपली हाताची घडी घालून गप्प. शेजारी बसलेल्या एक आजी रागावल्या, "अगं, बोल की काहीतरी! सगळं तिनं एकटीनंच सोसायचं का?" आठवडाभरात आपणहून माझ्याशी बोललेलं ते पहिलंच माणूस; पण काळजी करू नका. मग मी तुम्ही रेडिओला देता तशी खणखणीत दाद दिली, "व्वा!" गाणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बघत तीच ओळ पुन्हा गायली!

आई शिवताना अजून गुणगुणते ना? की मी इकडे आल्यापासून बंद? ती थांबेल म्हणून तुम्ही दाराआडून ऐकता, मला ठाऊक आहे. बाबा, एकदा आत जा आणि व्वा म्हणा.

तुमची थोरली