पुट्टीत स्क्रू धरत नाही

प्रिय नेशा,

तुझी गिटार वाजण्याजोगी झाली आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं अक्षर पाहून तू पत्र बाजूला ठेवशील अशी धास्ती वाटते. फोन तर तू उचलत नाहीसच.

अकरा वर्षं ती आपल्या गॅरेजच्या माळ्यावर पोत्यात पडून होती. आई गेल्यावरही दोन वर्षं तिला खाली काढायचा धीर झाला नाही. या उन्हाळ्यात काम फारसं नव्हतं. आपल्या झ्रेन्यानिन गावातले लोक हल्ली गाडीचा पोचा काढून घेत नाहीत, पोच्यासकट फिरतात. म्हटलं, रिकामं बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं. आणि खरंच बोलायला लागलोय रे मी भिंतींशी, हसू नकोस. पोतं सोडलं तर खालचा कोपरा मुठीएवढा उडालेला, आणि तारा जिथे अडकतात ती लोखंडी पट्टी लाकडासकट उखडलेली. मला वाटलं, यात काय अवघड? तीस वर्षं पत्रेच सरळ करतोय. गाडीची पुट्टी घेतली, हार्डनर मिसळलं आणि दोन्ही खड्डे गच्च भरले. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून, बाबांनी शिकवलं तसं डोळे मिटून बोट फिरवलं. सांधा कुठे लागेना. स्वतःवर इतका खूष झालो की त्याच आठवड्यात रंग मारला, पट्टी बसवली आणि तारा ताणल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवत होतो तर गॅरेजमध्ये धाडकन आवाज. काच फुटली म्हणून धावलो. पाहतो तर पट्टी पुट्टीच्या ढेकळासकट बाहेर आलेली, तारा लोंबतायत.

मंडईमागचा तिहोमिर तुला माहीत आहे, तंबुऱ्या-गिटारी दुरुस्त करणारा. त्याच्याकडे घेऊन गेलो. तो ठसका लागेपर्यंत हसला. म्हणाला, “वेलिमिर, अरे गाढवा, हे काय गाडीचं दार आहे? पुट्टीत स्क्रू धरतो होय कधी? तारांची ओढ म्हणजे अख्खा माणूस लटकल्यासारखी. तिथे लाकूडच लागतं, बाबा.” मग चष्मा लावून त्याने जुनी चीर पाहिली आणि विचारलं, एवढी फुटली कशी. मी नेहमीचंच सांगितलं, भिंतीवरची फळी निखळली, गिटार वरून पडली. त्यावर तो म्हणाला, “पडलेली अशी फुटत नाही. ही कोणीतरी मानेला धरून हाणलीय.” मग उठून त्याने कॉफी चढवली आणि साखर किती एवढंच विचारलं.

नेशा, फळी निखळली नव्हती. मी हाणली. तू ऑस्ट्रियात ग्राझला निघायच्या आदल्या दिवशी, लोखंडी ऐरणीवर, दोनदा. तू जाणार, बाबा खाटेला खिळलेले, गॅरेज माझ्या गळ्यात, आणि तू अंगणात शीळ घालत कपडे भरत होतास. ती शीळ मला सहन झाली नाही. रागावलो होतो म्हणतो, पण खरं तर घाबरलो होतो. तुलाही मी तीच थाप मारली. तू फळीकडे पाहिलंस, तिचे खिळे जागच्या जागी होते. तू फक्त “बरं” म्हणालास आणि सकाळच्या बसने गेलास. तेव्हा मला शिवी दिली असतीस, थोबाडीत मारली असतीस, तर मी तिथेच कबूल केलं असतं. आईला मी शेवटपर्यंत फळीचंच सांगितलं. तिच्या दफनालाही तू खड्ड्याच्या पलीकडे उभा होतास आणि मी अलीकडे.

पट्टीखाली चिकटून राहिलेली पुट्टी कोरून काढायला चार दिवस लागले, भरायला दहा मिनिटं लागली होती. अंगणातला अक्रोड मागच्या वर्षी पाडला, त्याचा तुकडा तासून तिथे चिकटवला. महिना झाला, तारा जागच्या हललेल्या नाहीत. कोपऱ्याला पुट्टीच ठेवली आहे, तिथे ओढ नाही. रंग मात्र जुळला नाही. कुठल्याही गाडीचा रंग नजरेने जुळवणारा मी, पण तुझा तो उन्हाने विटलेला लाल काही साधला नाही. डाग दिसतो. वाजवता मला येत नाही, म्हणून रोज नुसती एक तार छेडतो आणि ठेवून देतो.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. सोळा नोव्हेंबरला आपल्या घराची स्लावा, आपल्या कुळाच्या संताचा दिवस. मागच्या वर्षी पाव केला, साखर-अक्रोड घालून गहू शिजवला, संताच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. यजमानाने पाहुण्यांसमोर बसायचं नसतं, म्हणून सकाळपासून उभा राहिलो. लोक आईसाठी यायचे, हे तेव्हा कळलं. चार वाजता शेजारची ग्रोझ्दा मावशी आली, दोन चमचे गहू खाल्ला आणि म्हणाली, “बस रे लेकरा आता, कोणी येत नाही.” मी बसलो नाही. स्लावेला कोणी कोणाला बोलावत नाही, ज्याला यायचं तो आपणहून येतो, हे तुला मी काय सांगणार! आजोबांनी कधी कोणाला बोलावलं नाही, बाबांनी नाही. बोलावणं पाठवलं म्हणजे घराची नामुष्की. होऊ दे. गिटार न्यायला ये, नाहीतर ती थोबाडीत द्यायला ये. नेशा, मी तुला बोलावतोय.

तुझाच थोरला,
वेलिमिर