टोपणनाव ‘पोस्टपेटी’

१२ जाने., रवि.
इथल्या, आखातातल्या मराठी मंडळाची ऊद मेथाला बैठक. निबंधस्पर्धेची परीक्षक मी. दोन अटी घातल्या: कार्यक्रमापर्यंत माझं नाव गुप्त, आणि स्पर्धा वेल्सच्या पद्धतीने. एम.ए.च्या प्रबंधाचा चाळीस वर्षांनी उपयोग. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथे मोठे मेळे भरत. खाणकामगार, विणकर, पाद्री, सगळे टोपणनावाने कविता पाठवत; खरं नाव बंद पाकिटात. परीक्षक भर मांडवात कडक निकालपत्र वाचायचा, मग टोपणनाव पुकारलं की विजेता गर्दीतून उभा राहायचा. त्याला बक्षीस म्हणून मानाची खुर्ची. कोणी लायक नसेल तर खुर्ची रिकामी.
फर्नांडिस (सेक्रेटरी, वसईचे): “मॅडम, रिकामी खुर्ची? चीफ गेस्टला काय दाखवू, उशी?”
म्हटलं, इंग्रजांच्या सरकारी अहवालाने वेल्सच्या लोकांची भाषा अडाणी ठरवली होती. त्यांनी तिच्यातच दर्जा राखून उत्तर दिलं. आपणही राखू.
मुक्ताला सांगितलं नाही. लेक असली, तिच्या घरी राहत असले, तरी नियम तो नियम. तिला वाटतं मी भिशीला जाते.

१८ जाने., शनि.
अकरा निबंध आले. हातानेच लिहा म्हटलं होतं, फोनवरची ढकलपत्रं नकोत. नऊ वाचले, सात टाकाऊ. ‘मचवा’ बरा. खोर फक्कानच्या बंदरातला दिसतो, कंटेनर बांधतो, भाषा कोकणातली. वेल्सच्या दगडखाणीतले कामगार जेवणाच्या सुट्टीत झोपडीत बसून एकमेकांच्या कविता तपासायचे, त्याची आठवण.

२१ जाने., मंगळ.
मु. ऑफिसला, नात शाळेत. दहावा निबंध, ‘पोस्टपेटी’. इथे पत्र घरी येत नाही, पेटीवर जाऊन आणावं लागतं, तिथून सुरुवात. चांगलं गद्य. पहिल्या पानाच्या शेवटी: “मला आयुष्यात आलेली सगळी पत्रं माझीच होती.” शिक्षकी सवयीने लाल पेनने काट मारली. समासात लिहिलं, अर्थ लागत नाही.
पान उलटलं.
मुलगी होस्टेलवरून आईला पत्र लिहिते. आई ते लाल शाईने तपासून परत पाठवते. खाली शेरा, “मजकूर बरा, मांडणी सैल.” दुसरं पत्र, तेच. तिसऱ्यात ती लिहिते की चार दिवस ताप आहे. तेही तपासून येतं.
मुक्ता कऱ्हाडला होस्टेलवर तीन वर्षं होती. मी तिची पत्रं
ताप आठवत नाही. खरंच आठवत नाही.

२२ जाने., बुध.
निबंध लेखकाला परत द्यायचे, हा माझाच नियम. काट पुसली जात नाही. ब्लेडने खरवडून पाहिलं, कागद फाटायला लागला.
अक्षर मु.चं आहे का? वीस वर्षांत तिचं मराठी अक्षर पाहिलेलं नाही. मुद्दाम म्हटलं, सामानाची यादी लिहून दे.
“आई, व्हॉट्सअ‍ॅप केलीय ना.”

२५ जाने., शनि.
अकरावाही वाचून झाला. सर्वांत चांगला ‘पोस्टपेटी’च. शंका नाही. पहिला दिला तर लेकीला दिला. डावलला तर खोटेपणा. खुर्ची रिकामी ठेवली तर कोणी विचारणारही नाही, बाई कडक आहेतच. तसं निकालपत्र तीनदा लिहिलं. तिन्ही फाडली.
पहिला आलेला निबंध मंचावरून परीक्षकाने वाचायचा. म्हणजे ते पत्र मी वाचायचं, सगळ्यांसमोर.
बी.पी. पाहिलं, वाढलंय.

२८ जाने., मंगळ.
फर्नांडिसना फोन करून सांगून टाकलं, ‘पोस्टपेटी’ बहुधा माझी लेक.
“खात्री आहे, मॅडम?”
“नाही.”
“मग पाकीट फोडू?”
“अजिबात नाही. ‘मचवा’ आणि हा, दोन्ही तुम्ही वाचा.”
संध्याकाळी त्यांचा फोन: “मी वाचला, बायकोने वाचला. ती रडली. खलास, हाच पहिला. आणि मॅडम, ती आई... जाऊ दे.”

१ फेब्रु., शनि.
उद्या ऊद मेथाला जायचंय म्हटल्यावर मु. म्हणाली, “मी पण येते.” एरवी मंडळाचं नाव काढलं की तिचं डोकं दुखतं.
नात: “आजी, व्हाय आर यू सो नर्व्हस?”
“नाही गं.”
“यू आयर्न्ड द सेम सारी ट्वाइस.”

३ फेब्रु., सोम. सकाळ
काल झालं. वेल्सच्या रिवाजाप्रमाणे लाकडी तलवार अर्धी उपसून फर्नांडिसनी तीनदा विचारलं, “शांती आहे का?” सभागृह ओरडलं, “शांती!” मग परीक्षक म्हणून माझं नाव घेतलं. मु. चौथ्या रांगेत. तिने मान वर केली, मग हातातल्या कार्यक्रमपत्रिकेची घडी घालत राहिली.
निकालपत्र वाचलं. निबंध वाचला, तापाच्या पत्रासकट. काट मारलेलं वाक्यही वाचलं. म्हटलं, हे परीक्षकाने खोडलं होतं, परीक्षक चुकला.
‘पोस्टपेटी’, पुकारलं. कोणी नाही. पुन्हा. तिसऱ्यांदा.
खुर्ची रिकामी राहिली. ‘मचवा’ला दुसरा क्रमांक, टाळ्या खूप. उभं न राहणाऱ्याचं पाकीट फोडायचं नाही. फर्नांडिसनी निबंध आणि पाकीट माझ्या हातात दिलं.
परतताना गाडीत दीड तास. मु. एवढंच म्हणाली, “ए.सी. कमी करू?”
आज ती नाश्त्याला बसण्याआधी निबंध टेबलावर ठेवला आणि खाली पाण्याकाठी चालायला गेले. पाकीट माझ्याच कपाटात, बंद.

दुपार
परत आले तेव्हा ती ऑफिसला गेली होती. निबंध तिथेच, पहिलं पान वर. लाल काटेच्या बाजूला, माझ्या शेऱ्याखाली, निळ्या शाईत तेच वाक्य पुन्हा लिहिलंय. जसंच्या तसं. अक्षर तेच.
ती सहाला येते. दोन वाजलेत. कोरा कागद घेतलाय. ‘चि. मुक्ता’ एवढंच लिहून झालंय. तापाबद्दल आधी लिहावं की