शब्बाथची भांडी

लाडक्या आईला लेकीचा शालोम.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. पण डोकं फिरलंय!

आमच्या शिवणखान्याचा मालक मसीहाला मानतो, शब्बाथला, शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, सुईलाही शिवत नाही. स्वयंपाकीण मावशींना मात्र भांड्यांच्या ढिगापुढे बसवतो. म्हणे, "त्या कुठे आपल्यातल्या?" अरे, दासीलाही विसावा दे, हे तोराहमध्ये, देवाच्या नियमशास्त्रात, कुणासाठी लिहिलंय? मसीहाने ती तोराह आपल्या काळजावर लिहिली म्हणतो. काळीज आहे की दगडी पाटी?

तोंडावर सुनावलं त्याला. तर मावशीच हसल्या, "पोरी, सहा शनिवार तुझंही ताट मीच घासलं की!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता शनिवारी सूर्य मावळून शब्बाथ संपला की भांडी मीच घासते.

तुझे गुडघे कसे आहेत? आणि आई, आपल्याकडे शनिवारचं धुणं कोण धुतं गं?

तुझीच,
तापट