कलम चौदातला ‘तो’

मी, श्रीमती मथुराबाई गेनबा बनकर, वय वर्षे ७१, पूर्वीचा धंदा शेती व भाजीविक्री, राहणार हडपसर, पुणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, भर दुपारी, शेजारी बसून कोणी सांगत नसताना लिहीत आहे. डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे समजावे.

१. माझ्या पश्चात दोन मुले आहेत. थोरला विश्वजीत आणि धाकटी तनुजा. तनुजा लग्नानंतर कोथरूडला राहते. माझे यजमान गेनबा २०१३ साली वारले. माझ्या थोरल्या जाऊ वेणूबाई यांना मूलबाळ नव्हते व त्याही लवकर विधवा झाल्या होत्या. मी पहाटे भाजी घेऊन मंडईत जायची, तेव्हा विश्वजीतला त्यांनीच वाढवले. तो त्यांना थोरली आई म्हणे.

२. माझ्या नावावर असलेला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मी तनुजाला देते. विश्वजीतला यात वाटा नाही. यात राग नाही. कारण कलम ५ व ६ मध्ये लिहिले आहे, ते दोघांनी सोबत बसून वाचावे.

३. बँकेतली माझी मुदत ठेव कोथरूडच्या वाचनालयातील श्रीमती रतन पानसरे यांच्या इंग्रजी वाचनवर्गासाठी द्यावी. हा वर्ग बुधवारी दुपारी तीन ते साडेचार भरतो आणि फुकट असतो. पैसे बाईंच्या हातात देऊ नयेत, त्या परत करतील. वाचनालयाकडे द्यावेत.

हा वर्ग माझ्या आयुष्यात कसा आला ते सांगते. यजमान गेल्यावर घरात जो कागद येई तो इंग्रजी. मी मराठी सातवी पास. विश्वजीत कागद बघायचा, पान उलटायचा आणि म्हणायचा, “काही नाही गं आई, फॉर्मॅलिटी आहे. सही कर.” वर्षभर मी फॉर्मॅलिटीवर सह्या केल्या. मग तनुजाकडे गेले असताना वाचनालयाच्या फळ्यावर वर्गाची सूचना दिसली. साठाव्या वर्षी जाऊन बसले.

पहिल्याच दिवशी धडा होता एका पोस्टमनचा. पोस्टमनने फाटकाशी कुत्रा पाहिला. पुढच्या वाक्याची सुरुवात ‘ही’. मी हात वर करून विचारले, “बाई, ही कोण? यात बाईमाणूस तर कुठंच न्हाई.”

वर्ग हसला. पानसरे बाई हसल्या नाहीत. “प्रश्न बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “कान मराठी आहे, एवढंच. इंग्रजीतली ‘ही’ म्हणजे आपला तो. आता सांगा, हा तो कोण? पोस्टमन की कुत्रा?”

मी म्हटले, “कुत्रा बी तोच की.”

“आपल्याकडे. त्यांच्याकडे कुत्रा बहुतेक ‘इट’. टाकी, पाइप, खुर्ची, सगळं ‘इट’. म्हणून आपल्याला जास्त जपून वाचावं लागतं. हे शब्द रिकामे असतात मथुराबाई. ते कुणाच्या तरी जागी उभे असतात. कुणाच्या, ते मागे जाऊन विचारायचं. पेन्सिल घ्या आणि या शब्दापासून त्या माणसापर्यंत रेघ ओढा.”

त्यानंतर तीन वर्षे मी रेघा ओढल्या. ‘दे’ म्हणजे द्यायचे नसते, ते अनेकजण असतात, हे कळले. ‘धिस’च्या मागे कधीकधी एक वस्तू नसते, अख्खे मागचे वाक्य असते, हेही कळले. घाईने अर्थ सांगितला की बाई म्हणत, “घाई असेल तर पीएमटी पकडा. वाचायला बसलात तर मागे जावंच लागेल.” त्यांनी मला अडाणी म्हणून कधी सोपे दिले नाही आणि म्हातारी म्हणून कधी सोडले नाही. असा मान मला आधी कोणी दिला नव्हता. हडपसर ते कोथरूड जाऊन-येऊन तीन तास लागत. एक बुधवार चुकवला नाही.

४. माझी दोन खुरपी पानसरे बाईंना द्यावीत. त्या गच्चीतल्या कुंड्यांची माती चहाच्या चमच्याने उकरतात, ते मला पाहवत नाही. ही भेट त्यांनी नाकारू नये.

५. २०१७ साली आमची राहत्या घराची जागा विकसकाला देण्याचे ठरले. जागा माझी आणि वेणूबाईंची, निम्मी-निम्मी. करारनामा एकेचाळीस पानांचा, इंग्रजी. सकाळी अकराला विकसकाच्या ऑफिसात आम्ही तिघे बसलो होतो, मी, वेणूबाई आणि विश्वजीत. मी विकसकाच्या वकिलांकडे पेन्सिल मागितली.

ते म्हणाले, “मावशी, स्टँडर्ड फॉरमॅट आहे. सगळे असाच करतात.”

मी म्हटले, “मी जरा हळू वाचते. आपण चहा घ्या.”

दोन तास गेले. वकिलांनी चहा दोनदा घेतला. कलम चौदाशी मी थांबले. त्यातले पहिले वाक्य होते की विकसक मथुराबाई आणि वेणूबाई यांना प्रत्येकी एक फ्लॅट देईल. दुसरे वाक्य: ताबा देण्याआधी ‘द लॅटर’ वारल्यास ‘हर’ फ्लॅट ‘हिम’कडे जाईल.

‘द लॅटर’ म्हणजे दोघांत जिचे नाव नंतर आले ती. रेघ वेणूबाईंवर गेली. तेव्हा त्यांचे वय बहात्तर होते, मूलबाळ नाही. ‘हर’ची रेघही त्यांच्यावरच गेली. ‘हिम’ म्हणजे त्याला. मी मागे गेले. कलमात पुरुष एकच होता, विकसक.

मी विश्वजीतकडे पान सरकवले. हळूच म्हटले, “हे तू वाचलं होतंस?”

तो म्हणाला, “हो. ते हिम म्हणजे मी, आई. साहेबांनीच सांगितलं. नंतर मला मिळणार.”

“तुझं नाव कुठंय? बोट ठेव.”

त्याने पानावर बोट फिरवले, मागचे पान पाहिले, त्याच्या मागचे पाहिले. त्याचे नाव कुठेच नव्हते. त्याचा चेहरा उतरला. मलाही त्या एका क्षणात दोन गोष्टी कळल्या होत्या. विकसक थोरल्या बाईंचे घर घेऊ पाहत होता ही एक. आणि माझ्या मुलाला, त्यांच्या मांडीवर वाढलेल्या मुलाला, ते कलम माहीत होते आणि आपल्याला मिळेल म्हणून तो गप्प बसला होता, ही दुसरी. पहिलीपेक्षा दुसरी जड गेली.

वेणूबाईंनी विचारले, “मथुरे, काय म्हनतोय कागद?”

मी म्हटले, “चुकलाय. दुरुस्त करायचाय.”

वकील म्हणाले टायपिंगची चूक असेल. असेलही. मी म्हटले, दुरुस्त झाल्याशिवाय आम्ही दोघीही सही करणार नाही. आठ दिवसांनी नवे कलम आले: कोणीही वारल्यास तिचा फ्लॅट तिच्या मृत्युपत्राप्रमाणे जाईल. तिथे माझे आणि वेणूबाईंचे नाव प्रत्येक वेळी पूर्ण लिहून घेतले. मग सही केली.

बुधवारी तो जुना कागद पानसरे बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, “तीस वर्षं शिकवतेय. एवढी मोठी रेघ कुणी ओढली नव्हती.” त्यांच्या तोंडून कौतुक निघालेले वर्गाने तेव्हा प्रथमच ऐकले.

विश्वजीतशी मी चार महिने धड बोलले नाही. मृत्युपत्राचे हे कलम ५ मी त्याला वाचून दाखवले आहे. काढायचे का, असे विचारले. तो म्हणाला, “राहू दे आई. खरं आहे.”

६. ताबा मिळायला चार महिने राहिले असताना वेणूबाई वारल्या. त्यांनी मृत्युपत्र केले होते, ते मला ठाऊक नव्हते. तनुजाकडून मराठीत लिहून घेतले होते आणि तिला गप्प राहायला सांगितले होते. दहाव्यानंतर तनुजाने ते मोठ्याने वाचले. त्यातले शब्द असे:

“माझा फ्लॅट मी माझा पुतन्या विश्वजीत गेनबा बनकर याला देते. त्या दिवशी हापिसात काय झालं ते मला कळलं हाय. मला इंग्रजी येत न्हाई, पर पोराचं तोंड वाचता येतं. घर त्यालाच द्यायचं व्हतं. पर कुनाच्या कागदानं न्हाई, माझ्या हातानं.”

विश्वजीत उठून बाहेर गेला. अर्ध्या तासाने आत आला. मी रेघा शिकले, पण एवढे मोठे मन मला शिकता आले नाही. चार महिने मी अबोला धरला होता आणि त्या माउलीने त्याच काळात त्याच्या नावावर घर केले.

म्हणून माझा फ्लॅट तनुजाला. विश्वजीतला घर मिळालेले आहे, आणि ज्या हाताने मिळाले तसा हात माझा नाही.

७. माझ्या पाटल्या नात राजनंदिनीला. मोडू नयेत. गेनबांचा तराजू विश्वजीतने ठेवावा.

८. विकसकाच्या वकिलांना माझा दहावा-तेरावा कळवू नये. त्यांनी मला दिलेली पेन्सिल मी परत केलेली आहे.

९. शेवटची गोष्ट आज्ञा नाही, विनंती आहे, कारण ती मालमत्ता माझी नाही. विश्वजीत त्या फ्लॅटमध्ये राहायला गेला तेव्हा त्याने दारावर स्वतःची पाटी लावली नाही. ‘श्रीमती वेणूबाई बनकर’ अशी लावली. पोस्टमन दर वेळी विचारतो, या कोण? विश्वजीत सांगतो, घर यांचं आहे, मी राहतो. ती पाटी त्याच्या मुलांनी काढू नये.

वरील मजकूर मी लिहिला, दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा तोच वाटला. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले व मी त्यांना सही करताना पाहिले. पानसरे बाईंना साक्षीदार व्हायचे होते, पण ज्याला खुरपे मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे मीच ठरवले.

सही: मथुराबाई गेनबा बनकर

साक्षीदार १: तात्याराव धोंडिबा ससाणे, निवृत्त मुख्याध्यापक, हडपसर
साक्षीदार २: अभिनव शरद काळभोर, शेजारी, हडपसर

ठिकाण: हडपसर, पुणे
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५